नव्वद टक्के प्राणी आणि एक हट्टी प्रवाळ

गेल्या आठवड्यात माझ्या मामांनी एक संदेश पाठवला. मामांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. त्यांनीच तो ‘अवश्य वाचावे’ असा शेरा मारून पुढे धाडावा, याचे अधिक वाईट वाटले. संदेशाचा आशय असा: पन्नास लाख डीएनए-नमुने तपासून शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे की पृथ्वीवरील ९० टक्के प्राणी माणसाबरोबरच, एक ते दोन लाख वर्षांपूर्वी, एकदम अवतरले, सबब उत्क्रांतिवाद खोटा आणि मनू व प्रलयाची कथा खरी.

जे खरे आहे ते नाइलाजाने आधी मान्य करतो. असा शोधनिबंध आहे. रॉकफेलर विद्यापीठाचे मार्क स्टोकल आणि बाझल विद्यापीठाचे डेव्हिड थेलर यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पुष्कळ प्रजातींत दोन जिवांमधील तंतुकणिकेच्या (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागाच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या) डीएनएतला फरक फार थोडा असतो, हे त्यातील निरीक्षणही चुकीचे नाही.

‘एकदम अवतरले’ हा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. तंतुकणिका आईकडून येतात, त्यामुळे ज्या आईला फक्त मुलगे झाले तिची रेषा तेथेच संपते. अशा रेषा गळत गेल्या की उरलेल्यांचा धागा मागे एका मादीपाशी मिळतो. ती त्या प्रजातीची पहिली मादी नसते. गावात आज केवळ पाटील उरले, म्हणून गाव एका पाटलानेच वसवले असे कोणी म्हणत नाही.

सर्वांत हास्यास्पद भाग पुढे आहे. फरक कमी म्हणजे प्रजाती तरुण, हा हिशेब तंतुकणिकेचे घड्याळ, म्हणजे तिच्या डीएनएत बदल साचण्याचा वेग, साऱ्या प्राण्यांत एकाच गतीने चालते असे धरल्यावरच जुळतो, आणि प्रवाळांनी हे गृहीतक केव्हाच मोडीत काढले आहे. मायकेल हेलबर्ग यांनी २००६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बॅलॅनोफायलिया एलेगन्स या एकेकट्या वाढणाऱ्या प्रवाळाचे १८ ठिकाणचे समूह तपासले. ते ३,००० किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेले होते, तरीही तंतुकणिकेतील एका जनुकाच्या ६३० अक्षरांत एकाही अक्षराचा फरक आढळला नाही. संदेशाच्या तर्काने हा प्रवाळ कालच जन्मला म्हणायचा. पण त्याच समूहांत पेशीच्या केंद्रकातील जनुकांनी घडवलेल्या विकरांमध्ये (एन्झाइमांमध्ये) भरपूर वैविध्य होते. दुसऱ्या एका प्रवाळाशी तुलना करून हेलबर्ग यांनी, प्रथिन न बदलणाऱ्या अक्षरबदलांचा दर दहा लाख वर्षांत प्रत्येक जागी ०.०५ टक्के काढला. तो बहुतेक प्राण्यांच्या ५० ते १०० पट मंद आणि वनस्पतींच्या जवळ जाणारा आहे. सगळी ६३० अक्षरे बदलायला मोकळी आहेत असे उदारपणे धरले, तरी या दराने एक अक्षर बदलायला सुमारे ३० लाख वर्षे लागतात. दोन लाख वर्षांचा हिशेब या घड्याळावर कसा वाचणार?

हे घड्याळ इतके मंद का, याचे पूर्ण उत्तर मिळालेले नाही. आठ शुंडकांच्या मऊ प्रवाळांच्या तंतुकणिकेत जीवाणूंच्या डीएनए-दुरुस्ती जनुकासारखे एक जनुक १९९५ मध्ये सापडले, तेव्हा कोडे सुटल्यासारखे वाटले. परंतु दगडी प्रवाळ आणि समुद्रफुले यांच्या तंतुकणिकेत ते जनुक नाही आणि त्यांचेही घड्याळ मंदच आहे. प्रवाळांच्याच संघातील, म्हणजे प्राण्यांच्या त्याच मोठ्या गटातील, जेलीफिशमध्ये तंतुकणिकेचा डीएनए गोल कडे नसून सरळ दोरा असतो. साल्मन माशावर जगणाऱ्या हेनेग्विया या त्यांच्या परजीवी नातलगात तंतुकणिकेचा जीनोमच (सगळा डीएनएच) उरलेला नाही, असे २०२० मध्ये दिसून आले. संदेशातील पद्धतीने त्याचे वय काढायला बसणाऱ्याची मला खरोखर कीव येते.

हेलबर्ग यांनी तपासलेल्या जनुकालाच प्राण्यांच्या ओळखीचा बारकोड ठरवणाऱ्या पॉल हेबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच प्रवाळांच्या या संघाला अपवाद म्हणून वेगळे काढले होते. तेव्हा ही काही नंतर कळलेली गुपिते नव्हेत.

राहिला मनू. पन्नास लाख नमुन्यांत प्रलयाविषयी काही नाही. उलट स्टोकल आणि थेलर यांनी स्वतःच खुलासा केला की त्यांचा अभ्यास डार्विनच्या उत्क्रांतिवादावर आधारलेला असून त्याला पुष्टीच देतो. मामांकडे आलेल्या संदेशात तेवढा खुलासा गाळलेला होता.