'आयरिश मतदार नसतोच' म्हणणारा आयरिश महापौर

१८७६ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरपदासाठी चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स उभा होता. राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातला, जुना श्रीमंत प्रोटेस्टंट. आयरिश लोकांचा त्याच्यावर भयंकर राग. तो लंडनमध्ये अमेरिकेचा राजदूत असताना ब्रिटिशांनी पकडलेल्या आयरिश फेनियन क्रांतिकारकांसाठी त्याने पुरेसं काही केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाच्या प्रचाराला पुढे बॉस्टनचा महापौर झालेला पॅट्रिक कॉलिन्स गेला. स्वतः एके काळचा फेनियन! आणि भर सभेत म्हणाला, आपल्यात आयरिश मतदार असा कुणी नाही. आयर्लंडमध्ये जन्मलेले माझ्यासारखे नागरिक आहेत, पण ज्या क्षणी आपल्या कागदांवर कोर्टाचा शिक्का उमटला, त्या क्षणी आपण परके उरलो नाही, अमेरिकन झालो.

ॲडम्स पडला, ते सोडा. मला हे बोलणाऱ्या माणसाचं कुतूहल आहे.

कॉलिन्स १८४४ चा, कॉर्क परगण्यातल्या फर्मॉयजवळचा. बटाट्याचं पीक शेतातच सडलं, दहाएक लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, तो हा काळ. वडील वारले आणि १८४८ साली आई चार वर्षांच्या पोराला घेऊन बॉस्टनशेजारच्या चेल्सी गावात आली. तिथलं स्वागत ऐका. १८५४ मध्ये 'नो-नथिंग' पक्षाने मॅसॅच्युसेट्सचं गव्हर्नरपद आणि जवळजवळ अख्खं विधिमंडळ जिंकलं. या पक्षाचा कार्यक्रम एका ओळीचा: कॅथलिक आणि आयरिश नकोत. पोरगं पुढे ओहायोत गेलं, कोळशाच्या खाणीत राबलं. परत येऊन खुर्च्या-कोचांना गाद्या आणि कापड चढवायचं काम शिकलं. दिवसभर खिळे ठोकायचे आणि रात्री बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचत बसायचं. नो-नथिंगवाल्यांच्या विजयाला चौदा वर्षं होत होती तेव्हा, १८६८ मध्ये, त्याच विधिमंडळात हा कारागीर आमदार होता. नंतर राज्याच्या सेनेटमध्ये गेला आणि १८७१ मध्ये हार्वर्डची वकिलीची पदवीही घेतली.

सेनेटमध्ये त्याने जे काम हाती घेतलं ते मला त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. सरकारी तुरुंगात आणि इस्पितळात असलेल्या कॅथलिक माणसाला त्याच्या धर्माचा पाद्री मिळावा, यासाठी तो भांडला. वरवर किरकोळ मागणी. पण परक्या गावात खाटेवर पडलेल्या, घटका मोजणाऱ्या बाईला शेवटचा संस्कार करायला आपला पाद्री हवा असतो. ती मतदारही नव्हती, बायकांना तेव्हा मतच नव्हतं. तिच्यासाठी भांडून कॉलिन्सला कितीशी मतं मिळणार होती?

इथे मला तो कळतो. आपल्या माणसांचा हक्क मागायचा, पण आपल्या माणसांची मतं गठ्ठ्याने कुणाच्या दारात नेऊन टाकायची नाहीत. पुढे तो अमेरिकेतल्या आयरिश लँड लीगचा अध्यक्षही झाला, म्हणजे आयर्लंडच्या कुळांसाठी पैसा उभा करत होता. मुळं तोडून टाकणाऱ्यातला तो नव्हताच.

आता माझी कुरबूर. 'आयरिश मतदार नाही' हे वाक्य बोलायला शोभतं, पण खरं नव्हतं. कॉलिन्स निवडून आला तो आयरिश वस्त्यांच्या जोरावर, हे त्यालाही ठाऊक असणार. आपलंच घ्या. मराठी मुळांचे लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवणकडचं वराड गाव बातम्यांत झळकलं. बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकन काँग्रेसमध्ये पोचले तेव्हा आपल्या ग्रुपवर फॉरवर्डचा पूर आला. मीही दोन-चार पुढे ढकलले. हा आनंद खोटा नाही. पण डब्लिनचा किंवा डेट्रॉइटचा मतदार त्यांना 'आमचा माणूस' म्हणून निवडत नाही, हेही तेवढंच खरं. कॉलिन्सच्या हाताशी मात्र आयता, मोठा मतांचा गठ्ठा होता. तो हातात असताना असं बोलणं मला जास्त धाडसाचं वाटतं. ज्याच्यामागे कुणीच नाही त्याने 'मी सगळ्यांचा' म्हणण्यात काय विशेष?

पुढे १८८३ ते १८८९ तो काँग्रेसमध्ये होता. १८९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने त्याला लंडनला महावाणिज्यदूत म्हणून धाडलं. ब्रिटिश साम्राज्य उलथायला निघालेल्या संघटनेचा जुना सदस्य साम्राज्याच्याच राजधानीत अमेरिकेच्या कचेरीत! इंग्रजांनी काय तोंड केलं असेल, देव जाणे.

बॉस्टनच्या महापौरपदाला १८९९ मध्ये तो पडला, १९०१ मध्ये जिंकला, १९०३ मध्ये पुन्हा. १९०५ च्या सप्टेंबरात पदावर असतानाच व्हर्जिनियात वारला. त्यानंतरच्या निवडणुकीत जॉन फिट्झजेराल्ड आला, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा आजोबा. वॉर्डा-वॉर्डात मांड ठोकून बसलेला, गाणी म्हणणारा, आयरिश मताला आयरिश मत म्हणूनच वापरणारा. बॉस्टनला आज आठवतो तो फिट्झजेराल्ड. कॉलिन्सचा अर्धपुतळा कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवर आहे, एका बाजूला आयर्लंडची आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेची बाई. शिल्पकारांनी दोघींना सारखीच जागा दिली आहे, आणि कॉलिन्सलाही बहुधा हेच हवं असणार, निवडणुकीचा दिवस सोडून.