वास धुराचा आणि वास माणसाचा

मुंबईत भाड्याचं घर शोधणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला दलाल पहिल्यांदा बजेट विचारत नाही. ‘नॉनव्हेज खाता का?’ हे विचारतो. आम्ही अलिबागचे. ताटात मासळी नसली तर आईला जेवल्यासारखं वाटत नाही. भाऊ खरं सांगतो, आणि मग ‘सोसायटीवाल्यांना वास चालत नाही हो’ असं म्हणून त्याला वाटेला लावतात. मराठी माणसाला मुंबईत मासे-मटणावरून घर नाकारलं जाणं ही काही नवी बातमी नाही. दर थोड्या महिन्यांनी एखादा व्हिडिओ फिरतो, दोन दिवस आरडाओरडा होतो आणि पुन्हा सगळं शांत होतं.

या वासाबद्दल मला लिहावंसं वाटलं ते इथल्या एका जेवणामुळे. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहते. शहराच्या पूर्व भागात एका ब्रुअरीच्या अंगणात शनिवारपुरतं एक पॉप-अप, म्हणजे तात्पुरतं हॉटेल, लागलं होतं: टेक्सासचं बार्बेक्यू आणि जपानी जेवण एकत्र. हा मेळ या शहराला नवा नाही. इथल्या रामेनवाल्यांनीच (रामेन म्हणजे जपानी शेवयांचा रस्सा) २०१७ मध्ये केमुरी तात्सु-या नावाचं हॉटेल काढलं आणि जपानी इझाकाया, म्हणजे दारूबरोबर खाणं देणारी खानावळ, व टेक्सासचा स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायची भट्टी, एका छपराखाली आणले. आता तरुण मंडळी तेच लहान प्रमाणात, एक ट्रेलर आणि दोन तंबू घेऊन करतात.

टेक्सासच्या या भागातलं बार्बेक्यू म्हणजे मुख्यतः ब्रिस्केट, गाईच्या छातीचं मांस. त्याला फक्त मीठ आणि जाडसर मिरी चोळतात आणि पोस्ट ओक या झाडाच्या लाकडाच्या धुरावर बारा-बारा तास ठेवतात. वरचा थर कोळशासारखा काळा होतो, आत मांस लोण्यासारखं मऊ पडतं. एरवी ते कागदावर पांढऱ्या पावाचे काप, लोणच्याची काकडी आणि कच्चा कांदा यांच्याबरोबर मिळतं. इथे पावाच्या जागी भात होता आणि काकडीच्या जागी ताकुआन, म्हणजे जपानी मुळ्याचं पिवळं लोणचं. ब्रिस्केटच्या जळक्या कडांचे बारीक तुकडे ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, भरलेले होते. मी गोमांस खात नाही. मी घेतली धुरावरची कोंबडी, वरून सोया सॉस आणि मिरिन (तांदळाची गोडसर जपानी वाइन) आटवून केलेला ‘तारे’ नावाचा सॉस. शिवाय माशाच्या गळ्याजवळचा, कल्ल्यांमागचा तुकडा. तो हातानेच खावा लागतो. हाडांच्या खाचांतून मांस काढताना मला इथे पहिल्यांदाच घरी जेवल्यासारखं वाटलं, कारण अमेरिकेत माशाचं डोकं आणि गळा बहुतेक जण टाकूनच देतात. शेजारचे ब्रिस्केट खात होते, समोरची मुलगी शाकाहारी होती आणि टोफू खात होती. बाक एकच होता.

दोन्हीकडचं जेवण इतकं जुळतं याचं कारण धूर आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेलं दाशी नावाचं पातळ सार ज्या कात्सुओबुशीपासून बनतं, तो बोनिटो मासा उकडून लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा, कित्येक दिवस सुकवलेला असतो. ओकच्या धुरात मांस शिजवणारा टेक्सन आणि धुरावर मासा सुकवणारा जपानी यांना एकमेकांचं काम समजावून सांगावं लागत नाही. ट्रेलरवरचा तरुण पहाटेपासून लाकडं घालत होता. त्याच्या कपड्यांना, केसांना धूर चिकटलेला होता. घरी आल्यावर माझ्या ओढणीलाही त्या धुराचा वास येत होता.

आता हा धूर शेजाऱ्यांना जातोच. २०१५ मध्ये ऑस्टिनच्या नगर परिषदेत हा प्रश्न आला होता. रहिवाशांच्या तक्रारींवरून एका सदस्याने प्रस्ताव मांडला की घरांना लागून असलेल्या बार्बेक्यू हॉटेलांनी धूर रोखणारी यंत्रणा बसवावी. बार्बेक्यूवाले खवळले, खर्च परवडणार नाही म्हणाले. भरपूर वाद झाला आणि प्रस्ताव काही कायदा झाला नाही. मला हा वाद फार चांगला वाटतो. ज्याच्या खिडकीत रात्रंदिवस धूर येतो त्याची तक्रार खरी आहे. पण ती तक्रार धुराची होती. किती फुटांवर, कुठल्या वेळी, कोणती यंत्रणा, खर्च कुणाचा, यावर लोक भांडले. ‘ब्रिस्केट खाणारे लोक आमच्या गल्लीत नकोत’ असं त्या प्रस्तावात कुठेही नव्हतं.

आमच्याकडे नेमकं उलटं होतं. भावाला कुणी सांगत नाही की बाबा, स्वयंपाकघरात चिमणी बसव, सुकट भाजताना खिडकी बंद ठेव. असं सांगितलं तर तो आनंदाने ऐकेल. त्याला सांगतात, तूच नको. वास हे निमित्त आहे. नको असतो तो माणूस, त्याची जात, त्याचा धर्म. मुसलमान भाडेकरूला तर हे आमच्या कितीतरी आधीपासून आणि कितीतरी जास्त सोसावं लागलं आहे. आमच्यावर वेळ आल्यावर आम्ही ओरडतो, त्यांच्या वेळी आमच्यातलेच बरेच जण गप्प होते. हे बोलल्याशिवाय आमच्या तक्रारीला वजन येणार नाही.

अमेरिका याबाबत सोज्वळ आहे असं मी अजिबात म्हणत नाही. ज्या पूर्व ऑस्टिनमध्ये मी जेवत होते, तिथे १९२८ च्या शहर आराखड्याने काळ्या नागरिकांना ढकललं. त्यांच्या शाळा आणि बाकी सोयी फक्त ईस्ट अव्हेन्यूच्या पूर्वेलाच द्यायच्या, म्हणजे ते आपोआप तिकडे जातील, अशी ती योजना होती. तो रस्ता आज आय-३५ महामार्ग आहे. दुसऱ्या महायुद्धात याच राज्यात क्रिस्टल सिटीच्या छावणीत जपानी कुटुंबांना लहान मुलांसकट डांबून ठेवलं होतं. त्याच टेक्सासात आज लोक ओनिगिरीसाठी रांग लावतात. हा बदल चवीमुळे झाला नाही. लोक कोर्टात गेले, रस्त्यावर उतरले, आणि १९६८ मध्ये फेअर हाउसिंग ॲक्ट आला. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणं बेकायदा ठरलं. भेदभाव आजही होतो, पण ज्याच्यावर होतो त्याच्या हातात कायदा आहे.

इंग्लंडचं उदाहरण तर आपल्याला थेट लागू पडतं. केंटमध्ये शेकडो घरांच्या मालकाने एजंटांना कळवलं होतं की भारतीय-पाकिस्तानी भाडेकरू नकोत, घरात करीचा वास राहतो. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. करीचा वास हा वंशभेदाचा बुरखा आहे, हे आपल्याला तिथे लगेच कळतं. बोंबलाच्या वासाबाबत तेच कळायला एवढा वेळ का लागतो?

भारतात कायदा तोकडा आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात पोटनियमाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला हरकत नाही असं म्हटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मटणाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला, तेव्हा सगळे पक्ष बोलले. ती एका दिवसाची गोष्ट होती. घराची गोष्ट वर्षाच्या ३६५ दिवसांची आहे, आणि त्यावर विधिमंडळात कायदा मागायला हवा: आहार, जात किंवा धर्म विचारून महाराष्ट्रातल्या कुठल्याही सोसायटीने, मालकाने किंवा दलालाने घर नाकारलं तर दंड. धूर, सांडपाणी, कचरा, जिन्यात टाकलेली मासळीची टोपली यांवर सोसायटीने खुशाल नियम करावेत. ते नियम शाकाहारी घरातल्या फोडणीलाही लागू असावेत.