पेटीचा भाव कुठे दडवलाय?

पुन्हा तेच! काल देवगडच्या एका बागायतदार काकांचा त्यांच्या आंबे विकायच्या वेबसाइटसाठी फोन : "होमपेज रिकामं वाटतंय, अजून एक स्लायडर टाका." म्हणजे आपोआप सरकणाऱ्या फोटोंची आणखी एक पट्टी! अहो काका, हापूस घ्यायला आलेल्या माणसाला एवढंच हवं असतं, पेटी किती डझनाची, भाव काय आणि घरी कधी पोचणार. आणि तेच कुठे? पाच सरकते फोटो, धावती लाल पट्टी आणि 'आमच्याविषयी' संपल्यावर, पार तळाशी. त्यात साइट उघडल्या उघडल्या तोंडावर आदळणारी 'सबस्क्राइब करा'ची चौकट. मोबाइलवर तिची फुली इतकी बारीक की अंगठ्याखाली येतच नाही. फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले, एकेक सहा एमबीचा! लोकलमध्ये रेंज येत-जात असताना कोण थांबेल? तो नाक्यावरची पेटी उचलून मोकळा होतो, मग ती देवगडची असो वा नसो.

वर्षभर राबून मोहोर जपायचा, हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, आणि हापूसला 2018 साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, म्हणजे तो इथल्याच मातीतला असल्याची सरकारी ओळख, तीसुद्धा त्या गर्दीत पुरून टाकायची. जीव तुटतो हो बघून! भाव वर घ्या, 'पेटी मागवा' हे एकच बटण ठेवा, बाकीचं काढा. आज रात्री पुन्हा फोन करणार आहे मी त्यांना.