साडेपाचातला अर्धा तास

प्रोग्रामिंग भाषा नीट चालते का हे तपासणाऱ्या टेस्टच्या गठ्ठ्यातला, म्हणजे टेस्ट सूटमधला, हेल्पर कोड (सगळ्या टेस्टना हत्यारं पुरवणारा) तुमच्या गळ्यात पडलाय? अभिनंदन. हे काम कुणी मागून घेत नाही. आधीचा माणूस सोडून जातो आणि त्या दिवशी मीटिंगला जो उशिरा येतो त्याच्या नावावर ते चढतं.

आईला सांगितलं, मी टेस्टचे हेल्पर सांभाळतो. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या मामासारखा? परमनंट करतील का रे?" मामा भुसावळला रेल्वेत हेल्पर होते. फिटर डब्याखाली, मामा बाहेर पाने घेऊन उभे. चुकीचा पाना गेला की खालून लगेच शिवी यायची. आपल्या धंद्यात ती सोय नाही. पाना चुकला तरी टेस्ट हिरवी, म्हणजे पासच, बोल्ट मात्र ढिला.

असो. नवीन मंडळींसाठी थोडा अनुभवाचा सल्ला.

हेल्पर लिहिण्याआधी तसला एखादा आहे का ते मुळीच शोधू नका. आमची प्रोग्रामिंग भाषा छोटी, टीम पाच-सहा जणांची, तरी 'थोडं थांबून बघ' एवढ्याच कामाला आमच्याकडे चार फंक्शनं आहेत: वेट_फॉर, वेट_अनटिल, वेट_टिल आणि एक नुसतंच वेट२. वांगं एक, आचारी चार. तुम्ही पाचवं लिहा, भरीत होईलच.

सगळं एकाच फाइलीत कोंबा. पायथॉनवाल्यांनी ३.१० येईपर्यंत आपल्या सपोर्ट फाइलीतून ओएस, सॉकेट, थ्रेड, इम्पोर्ट असे हेल्पर वेगवेगळे काढले. त्यांना वेळ असतो.

टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट बघून हात टेकायचे तो आकडा, मनाला येईल तो घाला. पायथॉनमध्ये ३.९ पासून त्याला ठरलेली नावं आहेत: लूपबॅकला (मशीन नेटवर्कवर स्वतःशीच बोलतं तेव्हा) थोडे सेकंद, साध्या कामाला ३० सेकंद, रेंगाळणाऱ्याला ५ मिनिटं. मशीन मंद असेल तर ते एका जागी वाढवता येतात. आपण सरळ २ लिहायचं. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकला की माझ्या लॅपटॉपला दोन सेकंदांत स्वतःचं नाव आठवत नाही, पण तो दोष लॅपटॉपचा. किंवा जळगावचा.

तात्पुरत्या फाइलीचं नाव 'टेम्प' ठेवा. नावात प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा नंबर) घातला की एकाच वेळी चालणाऱ्या टेस्ट एकमेकींच्या फाइली पुसत नाहीत, म्हणजे मजाच गेली.

फाइल पुसली गेली नाही तर एक्सेप्शन (प्रोग्रामनं मारलेली बोंब) गिळा.

कॉमेंट लिहू नका.

आणि आता सगळ्यात गुणकारी उपाय. टेस्ट पडली की स्किप करा, म्हणजे ती चालवूच नका.

गेल्या मंगळवारी माझ्याकडे एक टेस्ट पडत होती. स्थानिक वेळ छापायची, साधी. सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, हिरवी, इथे लाल. दुपारी लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त राउटर, बाजूला कळण्याची भाकर वाळून खापर झालेली. फरक दर वेळी नेमका १८०० सेकंदांचा. दोन तास खर्ची घातल्यावर चोर हेल्परमध्येच सापडला. टाइमझोनचा ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेपासूनचं अंतर, काढणारं फंक्शन सेकंदांना ३६०० ने भागत होतं आणि पूर्णांक तेवढा घेत होतं. आपल्या साडेपाच तासांचे १९८०० भागिले ३६००, उत्तर ५. वरचा अर्धा तास गेला तापीत. सीआयचं घड्याळ यूटीसीत, तिथे शून्याला कितीनेही भागा, शून्यच.

मी तासांऐवजी सेकंदच परत देणारा पॅच (कोडची दुरुस्ती) पाठवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पॅच बंद. कारण: 'टेस्ट आता पडत नाही, गरज नाही.' पडत का नाही? तर मुख्य शाखेत (सगळ्यांच्या सामायिक कोडमध्ये) रात्रीतून एक ओळ आली होती. ऑफसेटला ३६०० ने पूर्ण भाग जात नसेल तर स्किप. पुढे कारण लिहिलेलं: 'विचित्र टाइमझोन'.

विचित्र! भारत आणि श्रीलंका साडेपाच. नेपाळ पावणेसहा. इराण साडेतीन, अफगाणिस्तान साडेचार, म्यानमार साडेसहा, तिकडे ॲडलेड साडेनऊ. सगळे एका ओळीत पंगतीतून उठवले. माझे आजोबा चौथी शिकलेले, पण पावकी, निमकी, औटकी घडाघडा म्हणायचे. साडेतीनाचा पाढा असलेल्या भाषेतल्या माणसाला अर्धा तास विचित्र वाटतो!

हो, आपल्याच भाषेतला माणूस. ही ओळ कुणा सातासमुद्रापलीकडच्यानं लिहिलेली नाही. पुण्यात बसलेल्या पोरानं लिहिली. त्याच्या भिंतीवरचं घड्याळ साडेपाच, कंटेनरमधलं (टेस्ट चालवायच्या बंद डब्यातलं) शून्य, आणि विश्वास कंटेनरवर.

अरे भो, मला सांग, स्किप कशाला असतं? जिथे सोयच नाही तिथे. पायथॉनमध्ये रन_विथ_टीझेड नावाचं डेकोरेटर (फंक्शनवर चढवायचं वेष्टण) आहे. टेस्टपुरता टाइमझोन बदलतं आणि मग होता तसा परत ठेवतं. विंडोजवर नवा टाइमझोन लागू करणारं टीझेडसेट हे फंक्शनच नाही, म्हणून तिथे ते स्किप करतं. ते बरोबर आहे. तुझ्या मशीनवर काय नव्हतं? वेळ नव्हती? तसलंच डेकोरेटर आपल्याकडे आहे, मीच लिहिलंय. टीझेड या टाइमझोनच्या सेटिंगमध्ये 'आयएसटी-५:३०' घालायचं. हो, उणेच, पॉझिक्स या युनिक्सवाल्यांच्या मानकाच्या त्या लिखाणात पूर्वेला उणे धरतात, एवढं वाचायचे कष्ट घ्यायचे. दोन ओळी. मग हीच टेस्ट सीआयवरही लाल झाली असती आणि मला दुपारभर घामात बसायची वेळ आली नसती.

ते फंक्शन अजून तसंच आहे, माहितीये? स्किप केलं म्हणून भागाकार सुधारला नाही. तारखांच्या सगळ्या टेस्ट त्याच फंक्शनवर उभ्या आहेत आणि रोज सकाळी हिरव्या दिसतात. एका टेस्टमध्ये गाढवपणा केलास तर एक टेस्ट जाते. हेल्परमध्ये केलास तर कुठली गेली हेसुद्धा कळत नाही. आणि वर माझा पॅच बंद करतोस, न वाचता!

पॅच मी पुन्हा उघडलाय. तुझी ओळ काढलीय, साडेपाच आणि पावणेसहा दोन्हींच्या टेस्ट घातल्यात. आज रात्री साडेदहाच्या आत बघ. साडेदहा. दहा नाही.