गाईच्या दुधातून रक्ताचा कॅन्सर? तो मेसेज खोटा आहे

आर्वीकडच्या आमच्या गावात पंधरा दिवसांपासून एक मेसेज फिरतो आहे: "सावधान! गाईच्या रक्ताच्या कॅन्सरचा विषाणू दुधातून येतो. माणसाला ल्युकेमिया तोच देतो. ज्या ढोराला गाठ, त्याचं दूध विष." शेजारच्या काकूंनी नातवाचं दूध बंद केलं आणि गाठ आलेली दुभती गाय पडत्या भावात विकली. म्हणून हे लिहितो आहे.

"तोच विषाणू" हे साफ खोटं. गाईतला बीएलव्ही (बोव्हाइन ल्युकेमिया व्हायरस) १९६९ साली सापडला. माणसात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, घडवू शकणारा एचटीएलव्ही-१ हा वेगळा विषाणू १९८० साली. दोन्ही डेल्टारेट्रोव्हायरस या एकाच कुळातले, म्हणजे भाऊबंद. पण घरं वेगळी. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे बी आणि टी असे प्रकार असतात; गाईचा विषाणू बी पेशींत राहतो, माणसाचा मुख्यतः टी पेशींत. एचटीएलव्हीचे सगळ्यात जवळचे नातलग माकडांत सापडतात, गाईत नाही. तो पसरतो माणसाकडून माणसाला: आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून, रक्तातून. नैऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांवर तो जास्त आढळतो. लागण झालेल्या शंभरातल्या साधारण पाचांनाच पुढे ल्युकेमिया होतो, तोही बहुधा कित्येक वर्षांनी आणि एकाच प्रकारचा. रक्ताच्या इतर कॅन्सरशी त्याचा संबंध नाही.

आता दूध. बाधित गाईच्या चिकातून, दुधातून वासराला बीएलव्ही लागू शकतो, हे खरं. पण पाश्चरीकरणाच्या उष्णतेनंच तो मरतो. आपण तर दूध उतू जाईपर्यंत तापवतो. डेन्मार्कनं बाधित जनावरं काढून टाकून हा विषाणू देशातून घालवला, तरी तिथल्या माणसांचा ल्युकेमिया काही थांबला नाही.

"अमेरिकेत सिद्ध झालंय" असंही मेसेजात आहे. तिथल्या काही संशोधकांना स्त्रियांच्या स्तनाच्या ऊतींत बीएलव्हीची जनुकं सापडली, हे खरं. पण इतरांना स्तनाच्या गाठींच्या जनुकीय तपासणीत ती सापडली नाहीत. विषाणूमुळेच कॅन्सर झाला, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि तो विषय स्तनाच्या कॅन्सरचा होता, रक्ताच्या नव्हे.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो गाठीच्या वाक्याचा. बीएलव्ही लागलेल्या बहुतेक गाई जन्मभर धडधाकट राहतात. गाठी येतात त्या शंभरात पाचाहून कमी जनावरांना. आपल्याकडे खांद्यापुढची गाठ सुजली, अंग तापलं, चारा सुटला, तर आधी संशय घ्यायचा गोचीड तापाचा. तो थायलेरिया नावाच्या परजीवीमुळे होतो, गोचिडीतून पसरतो आणि संकरित गाईंना जास्त झोडपतो. त्याला औषध आहे, पण वेळेत द्यावं लागतं. काकूंच्या गाईचा ताप कुणी मोजला नाही, कास-कान चाचपून गोचीड कुणी पाहिली नाही. मेसेज वाचला आणि दावं सोडलं.

भीती बाळगायचीच असेल तर कच्च्या दुधाची बाळगा. त्यातून क्षयरोग आणि ब्रुसेलोसिस (ब्रुसेला जंतूमुळे येणारा तापाचा आजार) माणसाला खरोखर होतात. आणि बीएलव्ही मुख्यतः रक्तातून पसरतो, म्हणून एकच सुई दहा ढोरांना टोचू देऊ नका. शिंगं काढायची हत्यारं प्रत्येक जनावरानंतर स्वच्छ करून घ्या, गाभण तपासणीचा हातमोजा दर वेळी नवा मागा.

काकूंची कालवड अजून गोठ्यात आहे. उद्या सकाळी ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे.