कार्ड लावल्याने सही बाद होत नाही

परवा रात्री साडेदहाला मामीचा फोन आला. धाकट्या मामेभावाला तीन आठवडे धड झोप नाही. शेजारचे पाळत ठेवतात म्हणतो, जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताट सरकवतो. सोमवारी त्याला साताऱ्याला सिव्हिलमध्ये न्यायचं आमचं ठरलं होतं. मामी म्हणाली, "नको गं बाई. ग्रुपवर आलंय. उपचाराला आयुष्मान कार्ड लावलं की पोराचं नाव सरकारात चढतं. उद्या वाटणीपत्रावर त्याची सही चालायची नाही."

मी चौदा वर्षं मानसोपचाराच्या दवाखान्यांत समाजसेविका म्हणून काम करते. डॉक्टर औषध लिहितात. कार्ड, मंजुरी, दाखला, क्लेम हे सगळं माझ्या टेबलावर येतं. मामीकडून तो मेसेज मागवून घेतला. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. मानसिक आजाराला कुठलाही विमा नाही, सरकारी कार्डही नाही. कार्डावर उपचार घेतले की आधारला ‘मनोरुग्ण’ अशी नोंद लागते आणि नोकरी, जमीन, सही सगळं जातं. एकदा भरती केलं की माणूस सरकारच्या ताब्यात जातो, त्याला शॉक देतात. गोळ्या म्हणजे जन्माचं व्यसन. आणि डॉक्टरांना हे सगळं माहीत आहे, म्हणूनच ते योजनेत येत नाहीत.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी नवा दवाखाना टाकलेल्या एका तरुण सायकियाट्रिस्टने मला हाच मेसेज पाठवून विचारलं, "ताई, विम्याचा मुद्दा तरी बरोबर आहे ना?" म्हणून हे लिहिते आहे.

आधी नोंदीचं आणि सहीचं, कारण त्यापायी एक आजारी मुलगा घरात बसून आहे. आयुष्मान कार्ड म्हणजे त्या कुटुंबाचा खर्च योजनेतून द्यायचा आहे, एवढं सांगणारा कागद. त्याच कार्डावर कुणाची अँजिओप्लास्टी होते, कुणाचं डायलिसिस होतं. त्यावर आजार छापत नाहीत, आधारवरही नाही. लोक ‘आभा’ या ऑनलाइन सरकारी आरोग्य खात्याशी गल्लत करतात. ते खातं ऐच्छिक आहे आणि त्यातली माहिती रुग्णाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिसत नाही.

आता कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली मंजूर झाला आणि 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो ‘विकल मनाचा’, म्हणजे स्वतःचे व्यवहार न समजणारा, ठरत नाही. ते ठरवायचा अधिकार फक्त सक्षम न्यायालयाला. पूर्वी उपचार घेतले, दवाखान्यात राहून आला, एवढ्यावरून आज तो आजारी आहे असंही म्हणता येत नाही. कलम 23 ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन घातलंय. सहीचं म्हणाल तर 1872 चा करार कायदा काढून बघा. त्याच्या कलम 12 मध्ये उदाहरणच दिलंय: वेड्यांच्या इस्पितळात असलेला, पण अधूनमधून शुद्धीवर येणारा माणूस त्या शुद्धीच्या काळात करार करू शकतो. इंग्रजांच्या काळातल्या कायद्यालाही जे समजलं, ते 2017 च्या कायद्यानंतर आपण विसरायचं? मामेभावाला बरं वाटू लागलं की त्याची सही पूर्वीइतकीच चालेल. खरी भीती उलट बाजूला आहे. उपचाराविना, भ्रमात असताना कुणी त्याच्याकडून सही घेतली, तर ती कोर्टात टिकणं अवघड. वाटणीपत्राची काळजी असेल, तर त्याला आधी बरं करा.

नोकरीचं थोडं खरं आहे. सैन्यदल, विमान चालवणं अशा कामांत वैद्यकीय तपासणी कडक असते आणि हा प्रश्न विचारला जातो. पण त्याचा कार्डाशी संबंध नाही. अपंग व्यक्ती हक्क कायद्याने 2016 मध्ये मानसिक आजाराला 21 प्रकारच्या अपंगत्वांत घेतलं, सरकारी नोकरीतल्या 4 टक्के राखीव जागांत त्याला वाटा दिला, आणि नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येणार नाही असं बजावलं. ‘मानसिक आजार’ असं लिहिलेला सरकारी दाखला मिळतो, तो म्हणजे अपंगत्वाचा. तोही आपण अर्ज केला तर, आणि सवलती हव्या असतील तर.

आता विमा. 2017 च्याच कायद्याचं कलम 21 म्हणतं की प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजाराच्याच धर्तीवर तरतूद केली पाहिजे. विमा नियामकाने ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तसं परिपत्रक काढलं. तरी पॉलिसीत ‘मानसिक आजार वगळून’ ही ओळ राहिलीच. एप्रिल 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असाच नाकारलेला क्लेम द्यायला लावला आणि कायदा आल्यानंतर ही ओळ टिकत नाही असं सांगितलं. आमच्याकडच्या एका बाईंचा क्लेम गेल्या वर्षी याच ओळीवर परत आला होता. डॉक्टरांनी दोन परिच्छेदांचं पत्र दिलं, त्यात कलम घातलं. दीड महिन्यात पैसे आले. नसते आले तर पुण्याला विमा लोकपालाकडे जाणार होतो, तिथे तक्रारीला फी नाही. फक्त फॉर्म भरताना जुना आजार लपवू नका. लपवलेला आजार सापडला की कंपनीला हक्काचं कारण मिळतं.

सरकारी कार्डाचंही तेच. आयुष्मान भारतच्या उपचारांच्या यादीत मानसिक आजारांचा वेगळा विभाग आहे. स्किझोफ्रेनिया आहे, मनोदशेचे आजार आहेत, व्यसनातून येणारे आजारही आहेत. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजना या योजनेशी जोडलेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

मेसेजवाल्याचं अर्धं म्हणणं मला इथे मान्य करावं लागतं, आणि ते करताना राग येतो. हे संरक्षण भरती झालेल्या रुग्णाला आहे. मानसिक आजारांतली बहुतेक माणसं कधीच भरती होत नाहीत. दर महिन्याला ओपीडीत येतात, गोळ्या घेतात, समुपदेशनाला बसतात. भरती असेल तर घरी गेल्यानंतरच्या 15 दिवसांचं औषध योजनेत बसतं, सोळाव्या दिवसापासून खर्च घरचा. हा योजनेतला मोठा खड्डा आहे आणि तो बुजवायलाच हवा. पण खड्डा आहे म्हणजे रस्ताच नाही, असं होत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी सिव्हिलमध्ये चालते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

डॉक्टरमंडळींना इथे चार शब्द सांगायचे आहेत. मंजुरी अडकते ती बऱ्याचदा तुमच्या कागदावर. ‘वागणूक बिघडली’ एवढंच लिहून पाठवलेला कागद मी कितीदा परत आलेला पाहिलाय. आजाराचं निदान योजनेच्या यादीतल्या गटाशी जुळेल असं लिहा. घरी का सांभाळता येत नाही ते लिहा: जेवत नाही, स्वतःला इजा करायचा धोका आहे, औषध तोंडात घेत नाही. मुक्काम वाढणार असेल तर मुदत संपायच्या आधी आरोग्यमित्राकडे, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाकडे, कागद द्या. आणि तुमचा दवाखाना योजनेत नसेल तर "योजना नाही" म्हणू नका, "माझ्याकडे नाही, सिव्हिलला आहे" म्हणा. त्या दोन वाक्यांमधल्या फरकाने घरं कर्जात जातात.

आणखी एक, जे फार थोडे डॉक्टर विचारतात: रुग्ण कारखान्यात आहे का, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापतात का? ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिस, म्हणजे भ्रम-भास होणारा आजार, आहे. नेहमीची आजारपणाची रजा संपली की, पुरेशी सेवा झालेल्या कामगाराला पगाराच्या 80 टक्के भत्ता 2 वर्षांपर्यंत मिळू शकतो. चाकण-भोसरीकडचे कितीतरी तरुण हे माहीत नसल्यामुळे राजीनामा देऊन गावी परतलेले मी पाहिलेत.

भरती आणि शॉकचा मुद्दा. स्वतःच्या मर्जीने भरती झालेला माणूस वाटेल तेव्हा डिस्चार्ज मागू शकतो. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे त्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाचा, अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, आणि मुदत 30 दिवसांची. त्यापुढे ठेवायचं तर याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ विचारतं. भूल न देता शॉक देणं आणि साखळीने बांधणं, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांबद्दल लोकांच्या मनात जुनी भीती आहे, ती मी समजू शकते. पण सिव्हिलच्या वॉर्डात पंधरा दिवस राहून येणं वेगळं.

गोळ्यांचं थोडक्यात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं आहे. म्हणून त्या थोडे दिवस देतात आणि हळूहळू कमी करतात. भ्रमावरच्या किंवा नैराश्यावरच्या औषधांची तशी तलफ लागत नाही. ती मनानेच एकदम बंद केली की त्रास होतो आणि आजार उलटतो, आणि लोक त्यालाच व्यसन म्हणतात.

मामीला हे सगळं फोनवर सांगितलं. सहीचं दोनदा सांगावं लागलं. मग तिने विचारलं, "सोमवारी रेशनकार्ड आणू की आधार?" दोन्ही आण म्हटलं, आणि गेल्या वर्षी अर्धवट सोडलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही आण, डॉक्टर ती मागतील.