चीगाँगने बीपीची गोळी सुटत नाही: खुलासा

नाशिकमधल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘रोज 20 मिनिटं चीगाँग करा, 21 दिवसांत बीपीची गोळी बंद!’ हे खरं नाही. सावकाश हालचाली आणि श्वासावर भर देणाऱ्या या चिनी व्यायामाच्या नियमित सरावाने रक्तदाब थोडा उतरू शकतो, पण गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळतो.

खरा फायदा आहे तो तोल सांभाळण्यात. याच जातकुळीतल्या ताई चीमुळे पडण्याचं प्रमाण सुमारे 19 टक्क्यांनी घटू शकतं, असं वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात आढळलं. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश नेताना घोटे आणि मांड्या कामाला लागतात.

पावलं खांद्याइतकी फाकवा, गुडघे किंचित वाकवा, श्वास कोंडू नका. हाताशी जड खुर्ची ठेवा. प्लास्टिकची नको, ती सरकते. बादुआनजिन या चीगाँगच्या संचातल्या आठ प्रकारांपैकी एकात वाकून पाय धरायचे असतात. बीपीची गोळी किंवा काचबिंदू असेल तर गुडघ्यापर्यंतच वाका आणि हळू उठा. झटक्यात उठलं की भोवळ येते.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका, आणि कुणी गोळी थांबवली असेल तर त्यांना आजच डॉक्टरांना फोन करायला सांगा.